बटन टायरचा रुबाब

लाखनीत शाळेच्या वेळेला उड्डाणपुलाखाली उभं राहिलं की सायकली नुसत्या आवाजावरून ओळखता येतात. मुलींच्या सायकली जवळजवळ मुकाट जातात. साखळीचं कव्हर थोडं खडखडतं, पुढच्या टोपलीत डबा वाजतो, बस. पोट्ट्यांच्या सायकली मात्र लांबूनच ‘घुंऽऽऽ’ करत येतात. जाड टायर, त्यावर बोटाच्या पेराएवढे रबराचे गोटे, पुढे शॉकअप, मागे डिस्कब्रेक आणि दांड्यावर कुठल्यातरी हिंस्र प्राण्याचं नाव. आमच्याकडे या सगळ्यांना सरसकट ‘रेंजर’ म्हणतात. दुकानाच्या पावतीवर ती माउंटन बाइक असते.

डोंगर कुठाय, हे विचारायचं नाही. माझ्या रोजच्या रस्त्यावर सर्वांत मोठा चढ म्हणजे नहराचा पूल. त्याच्या अलीकडे धानाच्या बांध्या, पलीकडेही धानाच्या बांध्या.

मला भांडायचंय ते त्या रबरी गोट्यांशी. बटन टायर म्हणतात त्यांना. डांबरी रस्त्यानं शाळेत, कॉलेजात किंवा कामावर जाणाऱ्या माणसाच्या सायकलला बटन टायर लावून विकणं ही फसवणूक आहे, आणि आपण ती रुबाबाच्या हौसेपोटी पैसे देऊन विकत घेतो, असं माझं म्हणणं आहे. ‘टायरवर दोन हजार शब्द?’ असं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. सायकलचा रस्त्याला टेकणारा एकमेव भाग तो आहे. गिअर किती, फ्रेम कशाची, ब्रेक कुठल्या कंपनीचे यावर आपण तासन् तास बोलतो, आणि जिथे पाय खर्च होतात ती जागा कुणी वाकून बघतही नाही.

मीही बघितली नव्हती. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन पुण्यात नोकरीला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या पगारात एक माउंटन बाइक घेतली. दुकानातल्या मुलानं एकवीस गिअर मोजून दाखवले आणि म्हणाला, ‘सर, ही कुठेही जाते.’ मला कुठेही जायचं नव्हतं, ऑफिसला जायचं होतं. पण ‘कुठेही’ या शब्दात काय जादू असते ते खोलीवर राहणाऱ्या पोरांना विचारा. पुण्यात ती सायकल महिन्यातून दोनदा निघायची. २०२०च्या मार्चमध्ये सगळ्यांसारखा मीही घरी आलो. पुढे घरूनच काम करायची परवानगी कायम झाली, तेव्हा सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून लाखनीला आणवली.

आमचं गाव लाखनीपासून अकरा किलोमीटर. गावात लाइन केव्हा जाईल आणि इंटरनेट केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून मी लाखनीत एक खोली भाड्यानं घेतलीय. रोज सकाळी तिकडे जातो, संध्याकाळी परत. रस्ता असा : सुरुवातीला दीडेक किलोमीटर मुरमाची पांदण, मग डांबरी, आणि शेवटी हायवेच्या कडेचा सर्व्हिस रस्ता. हायवे म्हणजे जुना सहा नंबर. आता नकाशात ५३ लिहितात, सुरतजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा. त्याच्यावर चढायची माझी हिंमत नाही.

पहिले तीन महिने अकरा किलोमीटरला पाऊण तास लागायचा. मांड्या भरून यायच्या. परतीला वारा समोरून असला तर मधे एका रसवंतीवर थांबावंच लागायचं. गावात लोक विचारायचे, ‘काय जी, शहरात राहून दमच नाही रायला का?’ आणि मला ते पटायचं. पाच वर्षं खुर्चीवर बसून देह वाया गेलाय, वजन वाढलंय, आता सवयीनं होईल, असं मी स्वतःला समजावत होतो. नववीतल्या दोन मुली गप्पा मारत, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, मला मागे टाकून गेल्या तेव्हासुद्धा मी दोष माझ्याच पायांना दिला.

त्या मुलींच्या सायकली राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळतात तशा होत्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ती योजना आहे. साधी लेडीज सायकल, एकही गिअर नाही. टायर अरुंद, गोल, जवळजवळ गुळगुळीत. त्या सायकलींवर कुणी कविता करत नाही, पोट्टे तर हसतात. पण त्या रस्त्यावर योग्य टायर फक्त त्यांच्याकडेच होते. सरकारी खरेदीत, माझ्या मते तरी कुणाचं तसं मनात नसताना, शहाणपणाची एक गोष्ट होऊन गेलीय.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण सोडू नका.

मी आणि सायकल आणि लॅपटॉपची बॅग मिळून नव्वद किलो. त्यातले अंदाजे चोपन्न किलो मागच्या चाकावर. हे वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप नावाच्या पशुवैद्यानं पोराच्या तीनचाकीसाठी हवेची नळी वापरली तेव्हापासून हे असंच चाललंय. हवेचा दाब ३० पीएसआय असेल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो, तर चोपन्न किलो तोलायला टायरला सुमारे २६ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीवर टेकवावी लागते. दाब ५५ केला तर १४ पुरतात. टायरची टेकणारी जागा चाक फिरताना सतत चपटी होते आणि पुन्हा गोल होते. चपटं करायला जितकी ताकद लागली तितकी रबर परत देत नाही, थोडी खाऊन टाकतं. ती गरम होऊन हवेत जाते. बटन टायरमध्ये याच्यावर आणखी एक खर्च आहे. डांबर कडक, त्यामुळे बटन रुतत नाही. ते वाकतं, घसटतं, सुटतं. मग पुढचं वाकतं. एका फेरीत अशी शेकडो बटनं. तो ‘घुंऽऽऽ’ आवाज ऐकू येतो ना, तो तुमच्या सकाळच्या पोह्यांचा आहे.

मऊ जमिनीत हीच बटनं रुततात आणि पकड देतात, हे खरं. ती त्यासाठीच केलेली आहेत. प्रश्न रुतायला जमीन आहे की नाही एवढाच.

माझ्या सायकलच्या मागच्या टायरमध्ये तेव्हा ३० पीएसआय होते. का? कारण मी हवा पेट्रोल पंपावर भरायचो. पंपावरचा पोऱ्या मोटरसायकलच्या हिशेबानं तीसला नळी काढून घ्यायचा आणि मलाही तीस म्हणजे टायर फुल वाटायचा. टायरच्या बाजूवर किती ते कमी-जास्तीचे आकडे ठळक उमटवलेले असतात. मी तीन वर्षं ती सायकल वापरली आणि एकदाही वाचले नाहीत. दिवसभर दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे पैसे मिळतात मला.

बटन टायर काढायचं ठरलं तेव्हा लाखनीतल्या एका जुन्या सायकल दुकानात गेलो. दुकानदार काका साठीच्या पुढचे. मी म्हणालो, सव्वीस इंची साधा टायर द्या, बिनबटनाचा.

‘बिनबटनाचा? रेंजरले?’

‘हो काका.’

‘त्याचा लुकच जाते ना बाबू.’

तरी त्यांनी माळ्यावरून एक जोडी काढून दिली. २६ × १ ३/८. बसवायला घेतली तर टायर रिंगभोवती सैल बांगडीसारखा लोंबायला लागला. काका म्हणाले, ‘सव्वीस तर सव्वीस हाय.’ मीही म्हणालो, सव्वीस तर सव्वीस आहे. आम्ही दोघं, एक चाळीस वर्षांचा अनुभव आणि एक डिग्री, त्या टायरकडे बघत उभे.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. सायकलच्या टायरवरचा ‘सव्वीस’ हा आकडा जवळजवळ निरर्थक आहे. तो टायरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ अंदाज. रिंगवर जिथे टायरची कड बसते तिथला व्यास महत्त्वाचा, आणि तो बाजूवर बारीक अक्षरात मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. अपूर्णांकातला २६ × १ ३/८, म्हणजे लेडीज सायकलचा, ५९० मिलिमीटर. दशांशातला २६ × १.७५, म्हणजे रेंजरचा, ५५९. एकतीस मिलिमीटरचा फरक. म्हणजे टायरवर ३७-५९० किंवा ४७-५५९ असं काही दिसलं तर मागचा आकडा तुमच्या रिंगशी जुळलाच पाहिजे, पुढचा म्हणजे रुंदी, ती थोडी कमी-जास्त चालते. आमच्या वडिलांच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलचा मागचा आकडा ६३५. अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचा एक सायकल मेकॅनिक होऊन गेला, २००८मध्ये वारला. त्यानं ही सगळी भानगड इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट समजावून ठेवलीय. इतकं साधं ज्ञान मराठीत एका पानावर छापून प्रत्येक सायकल दुकानाच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

या ५५९ची गोष्ट तर अजून गमतीची आहे. १९३३मध्ये श्विन कंपनीनं अमेरिकेत फुग्यासारखे जाड टायर असलेली सायकल आणली, तीत हे माप आलं. तिथल्या गल्ल्यांमध्ये पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकलींवर पुढे हेच टायर दिसायचे. १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही उनाड मंडळींनी तशाच जुन्या भंगारातल्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावल्या आणि त्यातून पुढे माउंटन बाइक जन्मली. म्हणजे हे चाक मुळात रस्त्याचं. डोंगरावर गेलं ते नंतर, आणि आता डोंगराची वस्त्रं घालून लाखनीच्या रस्त्यावर परत आलंय.

शेवटी नागपूरहून २६ × १.७५ची जोडी मागवली. मधला पट्टा सलग गुळगुळीत, कडांना बारीक नक्षी. मागे ५५, पुढे ४५ हवा. टायर बदलायच्या आधी मी नहराच्या पुलावरून पेडल न मारता सायकल सोडून बघितली होती, कुठल्या विजेच्या खांबापाशी थांबते ते. नवे टायर घातल्यावर त्याच जागेवरून, वारा पडलेला असताना, तीच बॅग पाठीला लावून पुन्हा सोडली. दोन खांब पुढे गेली आणि तिसऱ्याच्या अलीकडे थांबली. याला कुणी संशोधन म्हणणार नाही. पण बांधीवर रोवणीला आलेल्या बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर मी तीनदा परत वर जाऊन हे केलं, त्यामुळे साक्षीदार पुष्कळ आहेत. अकरा किलोमीटरला आता सदतीस-अडतीस मिनिटं लागतात. देह तोच आहे. वजन उलट दोन किलोनं वाढलंय.

मग लोक हरकती घेतात. त्या मला पाठ झाल्यात.

पहिली म्हणजे पाऊस. गुळगुळीत टायर पावसात घसरणार, हे इतकं उघड वाटतं की कुणी तपासतच नाही. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या पाणी बाहेर काढायला. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट, वेग शंभरचा, म्हणून तो पाण्यावर तरंगू शकतो. हा तरंगण्याचा वेग काढायचं एक सूत्र नासानं विमानांच्या चाकांसाठी बसवलं होतं, त्यात टायरच्या दाबाचं वर्गमूळ येतं. ५० पीएसआय घालून बघितलं तर ताशी ११८ किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. सायकलचा टायर तर अरुंद आणि गोल, पाणी आपसूक बाजूला सारणारा. माझा वेग अठरा. ओल्या डांबरावर जितकं जास्त रबर टेकेल तितकं बरं, आणि बटन टायर टेकवतो फक्त बटनांची डोकी. शेणावर, सांडलेल्या ऑइलवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर दोन्ही टायर सारखेच घसरतात. तिथे ब्रेक दाबायचा नाही, एवढंच.

दुसरी चिखलाची. ही बरोबर वाटते, आणि मी पांदणीतून रोज जातो म्हणून बोलायचा हक्क मला आहे. आमच्या चिकट मातीत आषाढात बटन टायर घातला की पन्नास पावलांत बटनांच्या मधल्या फटी भरतात. मग ते चिखलाचं चाक होतं, फोर्कमध्ये अडकतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अरुंद टायर फोर्कपासून लांब राहतो, त्यामुळे चिखलाला निघून जायला जागा मिळते. तोही फसतो, नाही असं नाही. आठ-दहा दिवस असे येतात की मी पांदणीत उतरून चालतो. दीड किलोमीटरच्या चिखलासाठी वर्षभर साडेनऊ किलोमीटर डांबरावर बटनं घासायची, हा हिशेब मला मान्य नाही. नागझिऱ्याच्या बाजूला जंगलात रोज सायकलवर गस्त घालणारा कुणी वनरक्षक असेल तर त्यानं जरूर बटन टायर घ्यावा. त्याच्यासाठी मी हा लेख मागे घेतो.

तिसरी काट्यांची. बाभळीचा काटा बटनाला भीत नाही. तो बटनांच्या मधल्या जागेत शिरतो, आणि तिथलं रबर साध्या टायरपेक्षाही पातळ असू शकतं. लोक कुंपणाला काट्या घेऊन जातात, बंडीतून दोन-चार रस्त्यावर पडतात. पांदणीत सराटे आहेतच. काट्याविरुद्ध उपयोगी पडतो तो टायरच्या आत असलेला जाड पट्टा. काही टायरमध्ये तो असतो, बाजूवर तसं लिहिलेलंही असतं. तेवढे पैसे तिथे घालावेत. माझ्या टायरमध्ये तो नाही, कंजूषपणा केला, आणि त्याची शिक्षा दर दोन महिन्यांनी भोगतो. हवा कमी असली तर मात्र वेगळंच पंक्चर होतं. खड्ड्यात ट्यूब रिंगवर चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. ते काट्याच्या नावावर खपतं.

आणि हो, उत्साहात दुसऱ्या टोकाला जाऊ नका. रेसरचा सुतळीएवढा टायर किंवा बाजूवर लिहिलेला वरचा आकडा गाठून दगडासारखी भरलेली हवा, दोन्हीनं आपल्या खडीच्या रस्त्यावर मणक्याची वाट लागते, आणि वेगही वाढत नाही, कारण सायकल पुढे जायचं सोडून वर-खाली होत राहते. नाल्यावरच्या जाळीत अरुंद चाक अडकतं ते वेगळंच. दीड ते पावणेदोन इंच पुरे. बसल्यावर टायर किंचित, अगदी किंचित दबलेला दिसला पाहिजे.

खरं सांगायचं तर ही माहिती फार अवघड नाही. मग ती कुणाला का नसते? माझा संशय असा की रोजच्या कामाला सायकल वापरणारा माणूस कुणाच्याच डोळ्यांपुढे नाही. कंपनीच्या जाहिरातीत सायकल दगडावरून उडी मारते. मराठीत सायकलवर मी जे वाचलं त्यात बहुतेक लडाख आहे, कन्याकुमारी आहे, पहाटेचे शंभर किलोमीटर आहेत. वाचायला मजा येते, मी आनंदानं वाचतो. पण अकरा किलोमीटर जाऊन आठ तास काम करून अकरा किलोमीटर परत येणं ही मोहीम नसते, त्यामुळे तिच्याबद्दल लिहायला कुणाला सुचत नाही. जो दूधवाला, जो गवंडी, जो राइस मिलमधला हमाल रोज सायकल मारतो, त्याची काळी सायकल मोडली की दुकानात त्याच्यापुढे रेंजरच उभी केली जाते. तीच स्वस्तात चमकते.

याची किंमत कोण देतं ते सांगतो. माझा मामेभाऊ नववीत गेला तेव्हा हट्टानं रेंजर घेतली. टायर माझ्या जुन्या टायरपेक्षाही जाड. शाळा सात किलोमीटर. पहिले पंधरा दिवस जोरात गेला, मग धापा टाकत, मग उशिरा, मग पोट दुखायला लागलं. मामा म्हणाले, ‘आजकालच्या पोट्ट्यांत दमच नाही.’ मी ते वाक्य ओळखलं. मी त्याला दम होता की नाही ते बघायला सांगण्याऐवजी टायरमधली हवा बघितली, वीससुद्धा नव्हती. टायर बदलून देतो म्हणालो, तर तो कसनुसा झाला. ‘दादा, सगळे हासतीन ना. लेडीज सायकल म्हनतीन.’ हवा तेवढी भरून दिली. दिवाळीनंतर मामांनी त्याला जुनी मोपेड घेऊन दिली. वय चौदा. लायसन्सचं विचारू नका. तो आता सर्व्हिस रस्त्यानं जात नाही, पुलावरून जातो, ट्रेलर आणि ट्रॅव्हल्सच्या मधून. आणि घरात सगळ्यांचं मत असं की सायकल त्याला झेपली नाही.

मला राग येतो तो या ‘झेपली नाही’चा. चौदा वर्षांच्या पोराला सात किलोमीटर न झेपायला काय झालं? त्याची बहीण, दीड वर्षानं लहान, त्याच रस्त्यानं त्याच शाळेत तिच्या साध्या सायकलनं जाते. तिला झेपतं का, असं कुणी विचारलेलं नाही. तिला मोपेडही कुणी विचारलेली नाही.

मामेभावाची रेंजर सध्या गोठ्यात उभी आहे. मी मामांकडे मागितली आहे, टायर बदलून वापरेन म्हणून. ‘ने ना, कोनी अडवलं,’ म्हणतात, पण गेलो की म्हणतात, राहू दे, पोरगा कधीतरी चालवेल.

सायकल दुकानातल्या काकांकडे मी गेल्या वर्षी इतका तगादा लावला की त्यांनी शेवटी ५५९च्या साध्या टायरची एक जोडी आणून ठेवली. दारातच टांगलीय, बटन टायरांच्या रांगेत शेवटी. परवा पंक्चर काढायला गेलो तेव्हा तिच्यावर धुळीचा थर होता.

‘कोणी विचारलं का काका?’

‘एकानं विचारलं. म्हने, घासून गेलेले टायर कायले टांगून ठेवले?’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हनू? म्हटलं, एका इंजिनिअरचे हायेत, तो नेते.’